घरच्या सुतारकामासाठीं पहिली यांत्रिक करवत

इचलकरंजीच्या रहिवाशाला यंत्राचें अप्रूप वाटण्याचें कारण नाहीं. १९०४ सालीं विठ्ठलराव दातार यांनीं या गांवांत पहिला यंत्रमाग चालविला, श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनीं त्या उद्योगाला आश्रय दिला, आणि पुढें यंत्र गिरणीच्या उंच भिंतींआड न राहतां आमच्या घरांच्या पडवींत, परसांत व शेजारच्या पत्र्याच्या खोलींत येऊन बसलें. मोटारीचा आवाज बदलला कीं तिला कोठें दुखतें आहे हें सांगणारीं माणसें येथें गल्लोगल्लीं सांपडतात. असें असूनही, घरच्या सुतारकामासाठीं एखादी स्थिर यांत्रिक करवत घ्यावी असें ज्यांच्या मनांत येतें, त्यांची निवड बहुधा चुकीच्या टोंकाकडून सुरू होते. ते प्रथम अश्वशक्ति विचारतात, मग किंमत; आणि आपण त्या यंत्रावर काय कापणार हा प्रश्न यंत्र घरीं येऊन पडल्यावर उभा राहतो. आजच्या भाषणांत हा क्रम उलटा करावा असा माझा विचार आहे.

मी बोलतों आहें तें व्यवसायी सुतारांना उद्देशून नव्हे. त्यांना माझ्याकडून शिकण्यासारखें थोडें व मला त्यांच्याकडून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. माझ्या डोळ्यांपुढें आहेत ते रंधा, पटाशी व हातकरवत यांशीं दोन-चार वर्षें मैत्री केलेले शिक्षक, वकील, डॉक्टर, माग विकून मोकळे झालेले कारखानदार, आणि हल्लीं हौसेनें या कामाकडे वळूं लागलेल्या गृहिणी व तरुण मुली. हातकरवतीनें सागाची दीड इंच जाडीची फळी उभी चिरतांना ज्यांच्या खांद्यांत कळ आली आहे, त्यांच्याच मनांत यांत्रिक करवतीचा विचार येतो, आणि तो रास्त आहे. सांधे, खांचा, कडा यांतील आनंद हातानें करण्यांतच आहे. पण पांच फूट फळी उभी फाडण्यांत कसला आनंद आहे तो मला तरी अद्याप गवसलेला नाहीं.

बाजारांत स्थिर करवतीचे प्रकार अनेक दिसले तरी पहिल्या खरेदीचा वाद मुख्यतः दोघींमध्यें आहे. पहिली मेजाची चक्री: लोखंडी मेज, त्याच्या फटींतून वर डोकावणारें गोल दांतेरी पातें, आणि बाजूला सरळ पट्टी, जिला दुकानांत फेन्स म्हणतात. दुसरी पट्ट्याची करवत, जिला आमचे कारागीर बँडसॉ म्हणतात: वर एक चाक, खालीं एक चाक, आणि दोहोंवरून माळेसारखा फिरणारा पोलादी पट्टा. लांकडाच्या वखारींत ओंडके चिरतांना जी अजस्र करवत आपण पाहतों, तिचीच ही धाकटी बहीण. यांखेरीज लांकूड आडवें तोडणारी खालीं उतरणारी चक्री असते. पण ती फळी उभी चिरूं शकत नाहीं, म्हणून पहिलें यंत्र म्हणून तिचा विचार सोडून द्यावा. नक्षीकामाची बारीक पात्याची करवत मुलांच्या खेळण्यांना उत्तम, परंतु तिनें घरचें स्टूल होणार नाहीं.

पाश्चात्य देशांतील हौशी कारागिरांत मेजाची चक्री ही कार्यशाळेची राणी मानली जाते, आणि तिकडचीं पुस्तकें वाचून आमच्याकडील लोकही तेंच धरून चालतात. तिचे गुण खरे आहेत. सरळ व समांतर काप, गुळगुळीत कड, आणि एकाच मापाच्या पन्नास पट्ट्या झपाट्यानें काढण्याची सोय, यांत तिला तोड नाहीं. परंतु तिचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. दहा इंची पातें मिनिटाला सुमारें ४,००० फेऱ्या घेतें तेव्हां त्याच्या दांत्यांचा वेग ताशीं १९० किलोमीटरच्या आसपास भरतो. पात्याच्या पुढच्या बाजूचे दांते खालीं जातात व लांकूड मेजावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दांते मात्र वर उसळत येतात. चिरलेली फळी किंचित् वांकडी झाली, किंवा आंतल्या ताणानें काप मिटला, कीं ती मागच्या दांत्यांवर चढते आणि उचलली जाऊन कापणाऱ्याच्या पोटाकडे भिरकावली जाते. आमच्या गांवांत हें समजावून सांगण्यास फार शब्द नकोत. मागावरून धोटा उडाला म्हणजे काय होतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्यानें पात्यावरून फळी उडणें पाहिलेंच आहे असें समजावें. फरक इतकाच कीं धोटा बाजूला उडतो, आणि फळी जेथें माणूस उभा असतो नेमकी तिकडेच येते. तिच्याबरोबर फळी धरलेला हातही कित्येकदां पात्याकडे ओढला जातो.

अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या अंदाजाप्रमाणें त्या एका देशांत मेजाच्या चक्रीनें दरसाल सुमारें ३० हजार माणसें दवाखान्यांत जाण्याइतकीं जखमी होतात. १९९९ सालीं स्टीफन गास या गृहस्थानें यावर एक विलक्षण तोड काढली. पात्यांतून विजेचा सौम्य संकेत वाहत असतो. बोट लागतांच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा एक ठोकळा पात्यांत घुसून एका सेकंदाच्या दोनशेंव्या हिश्शाच्या आंत त्याला जागच्या जागीं थांबवतो. पातें व ठोकळा दोन्ही निकामी होतात, बोटाला ओरखडा येतो. अशीं यंत्रें फार महाग असल्यानें आपल्यापैकीं बहुतेकांना त्यांच्यावांचूनच काम करावें लागणार, हें धरून चालावें. मग निदान पात्यामागें उभा राहणारा पोलादी फाळ असलेली चक्रीच घ्यावी. हा फाळ काप मिटूं देत नाहीं, व फळी उडण्याचें मूळच त्यानें बहुतांशीं नाहींसें होतें. ज्या चक्रीला हा फाळ नाहीं ती कितीही स्वस्त मिळाली तरी दुकानांतच राहूं द्यावी.

याच संदर्भांत एक गोष्ट जरा कठोरपणें सांगतों. फरशी कापण्याचा हातांतला कटर उलटा करून लांकडी मेजाखालीं बसवायचा, त्याला लांकडाचें पातें लावायचें, आणि तीच आपली चक्री असें म्हणायचें, ही युक्ति बांधकामांवर सर्रास दिसते व आतां घरांतही शिरली आहे. तो कटर मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेऱ्या घेतो. त्याला फाळ नाहीं, झांकण काढून टाकलेलें, बटन दाबलेल्या स्थितींत दोरीनें बांधून ठेवलेलें. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबांत या युक्तीनें एका तरुणाच्या उजव्या हाताची दोन बोटें गेलीं. मुलगा विणकाराचा होता. तुटलेला धागा बोटांच्या शेंड्यांनीं सांधण्यांत त्याची हातोटी होती. वांचलेले चार-पांच हजार रुपये त्या घरांत आतां कोणी काढीत नाहीं.

आतां पट्ट्याच्या करवतीकडे वळूं. चौदा इंची चाकांच्या करवतींत पट्टा ताशीं सुमारें ५५ किलोमीटर वेगानें धांवतो, आणि तो सर्वकाळ खालच्या दिशेनेंच जातो. त्यामुळें लांकूड मेजावर दाबलें जातें. तें उलट फेंकलें जाण्याचें कारणच राहत नाहीं. यावरून ती निरुपद्रवी आहे असें मात्र समजूं नये. खाटीक हाडें कापतात तें यंत्र याच जातीचें. पण तिचा धोका दिसणारा आहे: बोट पट्ट्यासमोर नेलें तर कापेल, न नेलें तर नाहीं. अकस्मात् कांहीं घडवून आणण्याचा दुष्टपणा तिच्यांत फारसा नाहीं, आणि नवशिक्याला याहून मोठा गुण कोणता हवा? वरचा मार्गदर्शक तुकडा लांकडाच्या अगदीं लगत उतरवून ठेवावा, म्हणजे उघडा पट्टा बोटभरच राहतो.

हिचा इतिहास मोठा बोधक आहे. इंग्लंडांत विल्यम न्यूबेरी यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच या करवतीचें पेटंट घेतलें होतें. तरी पुढें कित्येक वर्षें ती केवळ कागदावर राहिली, कारण पट्ट्याचा सांधा टिकत नसे. फ्रान्समधील ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनीं १८४६ सालीं सांधा जोडण्याची पक्की रीत काढली, पॅरिसच्या पेरँ यानें उत्तम पोलाद वापरलें, आणि मग कोठें ही करवत जगभर गेली. आजही पारख करतांना हाच नाजूक बिंदु आहे. यंत्र घेण्यापूर्वी दुकानदाराला मोटारीविषयीं नंतर विचारा. पट्टा तुटल्यावर या मापाचा नवा कोठें मिळेल आणि सांधा कोण जोडून देईल हें आधीं विचारा. समाधानकारक उत्तर मिळालें नाहीं तर यंत्र चांगलें असूनही आपल्या कामाचें नाहीं.

आमच्याकडे जें लांकूड हातीं येतें त्याचाही विचार करावयास हवा. वखारींतून रंधलेल्या, एकसारख्या जाडीच्या फळ्या क्वचित् मिळतात. घरच्या कामाला बहुधा येतो तो पाडलेल्या जुन्या वाड्यांतील सागवानाचा वासा किंवा चौकट, शेताच्या बांधावरची बाभूळ, वादळांत पडलेला आंबा, फणस किंवा जांभूळ. हीं लांकडें वांकडीं, जाड व गांठाळ. दहा इंची मेजाच्या चक्रीची कापण्याची उंची तीन इंचांच्या आंतबाहेर असते. चौदा इंची पट्ट्याच्या करवतीची साधारण सहा इंच. शिवाय चक्रीचा काप तीन मिलिमीटर रुंद, पट्ट्याचा एकाच्या थोडा वर. सागाच्या एका जाड ठोकळ्यापासून सहा पातळ फळ्या काढावयाच्या तर पांच काप घ्यावे लागतात. चक्रीनें पंधरा मिलिमीटर साग भुशांत जातो, पट्ट्यानें पांच-सहा. म्हणजे जवळजवळ एक पातळ फळी पदरांत पडते. सागाचा आजचा भाव ज्यांना ठाऊक आहे त्यांना यापुढें कांहीं सांगणें नको. वक्र काप ही आणखी एक गोष्ट. खुर्चीचा मागचा पाय, पाटाची गोल कड, पाळण्याची कमान हीं कामें चक्रीवर होत नाहींत. पाव इंची पट्ट्यानें सहज होतात. जुन्या लांकडांत मोडलेले खिळे मात्र दोन्ही करवतींचे वैरी आहेत. लोहचुंबक फिरवून ते शोधावेत.

कोणी म्हणेल, मला प्लायवुडचींच कपाटें करावयाचीं आहेत. मग पट्ट्याची करवत खरोखरच अपुरी पडते, कारण पट्टा व खांब यांमधील अंतर चौदा इंचांहूनही थोडें कमी असतें. पण आठ फूट लांबीची फळी मेजाच्या चक्रीवरून नेण्यास पात्याच्या अलीकडे आठ व पलीकडे आठ फूट मोकळी जागा लागते. अशी खोली किती घरांत आहे? बारा फुटी खोलींत ही चक्री ठेवणें म्हणजे बोळांत बैलगाडी वळविणें. त्यापेक्षां मोठे तुकडे दुकानांतच मापानें कापून घ्यावेत, किंवा सरळ पट्टी आवळून हातांतल्या विजेच्या करवतीनें कापावेत. ज्यांच्याकडे माग निघून गेल्यामुळें तीस-चाळीस फुटांची शेड रिकामी आहे, आणि ज्यांचें काम खरोखर कपाटांचेंच आहे, त्यांनीं खुशाल फाळाची चक्री घ्यावी. बाकीच्यांनीं पहिली करवत पट्ट्याचीच घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. तिच्यावरील काप थोडा खरखरीत येतो, तो रंध्याचे दोन हात मारून गुळगुळीत होतो. आणि रंधा तर आपल्या हातीं आहेच.

या रिकाम्या शेडवरून विजेची गोष्ट निघते. यंत्रमागाला महाराष्ट्रांत विजेचा सवलतीचा दर आहे. मागासाठीं मंजूर झालेल्या जोडणीवर करवत चालवावी असा मोह पडणें साहजिक आहे. परंतु मंजूर कारणाहून निराळ्या कामासाठीं वीज वापरणें हें २००३ च्या वीज कायद्याच्या १२६ व्या कलमांत बसतें, आणि त्याची आकारणी हौसेपेक्षां महाग पडते. घरच्या जोडणीवर एक ते दीड अश्वशक्तीची एकपदरी मोटार सुखानें चालते. सुरू होतांना मात्र ती नेहमींच्या कित्येक पट प्रवाह ओढते, म्हणून तिला स्वतंत्र जाड तार, सोळा अँपिअरचें खटकें आणि खात्रीची अर्थिंग हवी.

जुन्या मागाची तीनपदरी मोटार भंगाराच्या भावानें मिळते, तिचें काय? घरच्या एकपदरी विजेवर ती आहे तशी चालणार नाहीं. मधें वेग-नियंत्रक बसवून व आंतील जोडणी बदलून चालते, पण तें काम मोटार भरणाऱ्या जाणत्या मिस्त्रीकडूनच करवून घ्यावें. एक गंमत येथें सांगण्याजोगी आहे. मोटारीच्या पाटीवर ९६० फेऱ्या लिहिलेल्या असतील, तर चौदा इंची पट्ट्याच्या करवतीला लागणाऱ्या सुमारें ८०० फेऱ्यांच्या ती अगदीं जवळ आहे. लहानमोठ्या पुल्यांनीं भागतें. दहा इंची चक्रीला मात्र तिचा वेग चौपटीहून अधिक करावा लागेल. आमच्या गांवची सावकाश मोटारही जणूं पट्ट्याच्याच बाजूनें कौल देते!

आवाजाचाही विचार करावा. हलक्या, उचलून नेण्याजोग्या चक्रींत कार्बनच्या ब्रशांची मोटार असते. ती किंचाळते, आणि तिच्या ठिणग्या उडतात. पट्ट्याच्या करवतीची साधी मोटार गुणगुणते. बाळकृष्णबुवांनीं ज्या गांवाचें नांव आपल्या गाण्यानें सर्व महाराष्ट्रांत नेलें, त्या गांवांत दुपारच्या वेळीं शेजाऱ्याच्या कानांवर काय पडावें याचा विवेक असावा, इतकेंच म्हणतों. ठिणगीचा दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. जेथें अजून माग चालतात व कापसाची फूस उडते, त्या खोलींत करवत मांडूं नये. फूस, भुसा आणि ठिणगी यांचें एकत्र येणें बरें नव्हे. भुशाची सूक्ष्म धूळ स्वतःही घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ सालीं तिची गणना मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. नाकाला चांगली जाळी आणि यंत्राच्या तोंडाशीं धूळ ओढणारी नळी, हा खर्च करवतीच्याच किंमतींत धरावा.

पट्ट्याच्या करवतीविरुद्ध एकच आक्षेप मला वजनदार वाटतो, आणि तो कायद्याचा आहे. गोदावर्मन खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपासून लांकूड चिरण्याच्या गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, आधींच चिरलेलें लांकूड वापरणाऱ्या, पट्ट्याची करवत नसलेल्या आणि ३० सेंटिमीटरांहून मोठी चक्री नसलेल्या उद्योगांना सवलत ठेवली आहे. आपल्या घरचा छंद हा उद्योग नव्हे, हें खरें. तरीही लहानशी पट्ट्याची करवत घेण्यापूर्वी जवळच्या वनखात्याच्या कचेरींत लेखी विचारून घ्यावें, घरीं ओंडके चिरूं नयेत, तें काम परवान्याच्या वखारीकडेच द्यावें, आणि लांकडाच्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. उत्तर प्रतिकूल आलें तर दहा इंची, फाळ असलेली चक्री हा दुसरा पर्याय आहेच. ती तीस सेंटिमीटरांच्या आंत बसते.

यंत्र पाहावयास जातांना खिशांत एक पोलादी सरळ पट्टी व गुण्या न्यावा. मेज सपाट आहे कीं नाहीं, वरचें व खालचें चाक एका पातळींत आहे कीं नाहीं, हें पट्टी धरून पाहावें. वीज बंद ठेवून चाक हातानें फिरवावें. पट्टा चाकाच्या मध्यावर टिकला पाहिजे. मग यंत्र सुरू करून मेजावर एक रुपया उभा करावा. तो पडला तर चाकांचा तोल बिघडलेला आहे. दुकानदार घाई करूं लागला तर चहा मागवावा, पण तपासणी सोडूं नये.

राहिलें तें बटन. आमच्याकडे वीज जाते आणि तितक्याच अकस्मात् परत येते. वीज गेली म्हणून कोणी पट्ट्याजवळ अडकलेली चीप काढावयास बोटें घातलीं आणि त्याच क्षणीं वीज आली, तर साधें बटन लावलेलें यंत्र आपोआप सुरू होतें. यासाठीं वीज जातांच स्वतः बंद होणारें, व पुन्हां हातानें दाबल्याखेरीज सुरू न होणारें बटन मिळतें. मागाच्या मोटारींचें सामान विकणाऱ्या दुकानांतही तें असतें, आणि त्याची किंमत एका चांगल्या पट्ट्याहून फारशी अधिक नाहीं. यंत्राबरोबर तें आलें नसेल तर पहिली फळी मेजावर चढविण्यापूर्वी बसवून घ्यावें. घरांत लहान मुलें असतील तर भिंतीवरील मुख्य खटक्याची पेटी कुलपाची असावी, आणि किल्ली कार्यशाळेच्या खुंटीवर न ठेवतां घरांतल्या कपाटांत ठेवावी.